आ की आ-आ

ऊर्मिला : थांबा आई, तो दुसरा होल्डर अजून काढू नका खोक्यातून. आधी ह्या ठोकळ्याच्या बुडाशी काय कोरलंय ते वाचा बरं.

कुसुम : मोठा ए आहे. आणि त्याला चिकटून एक बारका ए.

ऊर्मिला : बारका पण आहे? नक्की?

कुसुम : छत्तीस वर्षं सुईत दोरा ओवलाय मी. एवढा ठसठशीत ए दिसणार नाही होय मला?

ऊर्मिला : मग घोळ झालाय. मी त्या विमर आजोबांना नुसता मोठा ए मागितला होता. हा जोड ए आहे. म्हणजे धाकटा.

कुसुम : दोन असून धाकटा? ही कुठली रीत म्हणायची?

ऊर्मिला : ह्या कंपनीची रीत. एकटा ए मोठ्या लेथला, जोड ए लहान लेथला. आजोबांकडे दोन्ही लेथ होत्या, दोन्ही विकल्या, आता ही दोन टूल पोस्ट, कापायचं टूल धरणारे ठोकळे, तेवढे उरले होते. पण हा माणूस अशी चूक करणारा नाही हो. मला मेल लिहिली होती, पाठवायच्या आधी फोन करून साइझ पक्की करतो म्हणून. मला फोन आलाच नाही.

कुसुम : आला होता.

ऊर्मिला : कधी?

कुसुम : काल सकाळी दहाला. वर, घरातल्या फोनवर. तू ऑफिसात, जयंत तिकडं ब्राउनश्वाइगला. मी उचलणार नव्हते, तुम्ही सांगितलंय उचलू नका म्हणून. पण वाजतच राहिला गं. अवनी सर्दीनं शाळा बुडवून घरी होती, ती काय जागची हलेना. मला वाटलं, जयंतचंच काही असेल.

ऊर्मिला : आणि मग?

कुसुम : मग तो म्हणाला, फ्राउ माने? मी म्हटलं, या, म्हणजे हो. खोटं काय त्यात, मी पण माने आहे. मग बराच वेळ काहीतरी बोलला, चांगला माणूस वाटला. शेवटी थांबला आणि विचारलं, आ ओडर आ-आ?

ऊर्मिला : हां. जर्मनमध्ये ए ला आ म्हणतात, ओडर म्हणजे की. तुम्ही काय म्हणालात?

कुसुम : मी काय म्हणणार? मी म्हटलं, आं?

ऊर्मिला : आं?

कुसुम : आं. म्हणजे काय म्हणालात, असं. आपण म्हणतो की. तर तो म्हणाला, आ-आ? मला वाटलं ह्यालाही ऐकू कमी येतंय. मी जरा मोठ्यानं म्हटलं, आं? आं? तसा तो एकदम खूश झाला. म्हणाला, गेनाऊ. मग मीही म्हटलं, गेनाऊ.

ऊर्मिला : आई.

कुसुम : तूच शिकवलंयस. काही कळलं नाही तर या नाहीतर गेनाऊ, अगदी बरोबर, असं म्हणावं, म्हणजे माणसं दुखावत नाहीत.

ऊर्मिला : शिकवलं खरं. माझीच करणी.

कुसुम : आणि ती अवनी सोफ्यावर लोळून लोळून हसत होती. मला वाटलं कार्टून बघतीय.

ऊर्मिला : तुम्हालाच हसत होती ती. इथल्या लहान पोरांच्या भाषेत आ-आ म्हणजे शी.

कुसुम : शी म्हणजे?

ऊर्मिला : शी म्हणजे शी. बाळांना बसवतात ती.

कुसुम : अगं बाई. म्हणजे त्या भल्या म्हाताऱ्याला मी फोनवर... आणि आज सकाळी तो स्वतः गाडीतनं खोकं घेऊन आला तर मी त्याला चकल्या दिल्या. चार खाल्ल्या बिचाऱ्यानं.

ऊर्मिला : त्यांना साइझच ऐकू आली हो, दुसरं काही नाही. काळजी करू नका.

कुसुम : तू हसतीयस का रडतीयस?

ऊर्मिला : मलाच कळत नाहीये. सात महिने, आई. सात महिने मी फक्त हे ठरवत होते, आ की आ-आ. माझी लेथ नेमकी दोन्हींच्या सीमेवर बसते. फोरमवर निम्मे लोक म्हणतात लहान घे, निम्मे म्हणतात मोठं घे. मी एक्सेल शीट केली. जयंतला झोपेतून उठवून आकडे दाखवलेत मी.

कुसुम : सांगत होता तो. म्हणाला, आई, तिच्या स्वप्नात पण दाते असलेला ठोकळा येतो.

ऊर्मिला : येतोच. बघा ना कसलं देखणं काम आहे. चाळीस दाते, गोल चहूकडून. होल्डर कुठल्याही कोनात बसवा, हँडल ओढा, खट. पुन्हा काढा, पुन्हा बसवा, टूलचं टोक केसभरही हलत नाही. आत्ता मी काय करते? टूल बदललं की चार बोल्ट सोडा, खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा, एक जास्त झाली, काढा, एक कमी झाली, घाला. तुकडा कापायला दोन मिनिटं आणि पट्ट्यांना वीस.

कुसुम : म्हणून तर तू मला हात लावू दिला नाहीस.

ऊर्मिला : पट्टी सुटली तर टूल उडतं, आई. म्हणून म्हटलं होतं, चांगलं टूल पोस्ट येऊ दे, मग तुम्हाला देते चालवायला.

कुसुम : आलं की मग.

ऊर्मिला : आलंय खरं. पण... थांबा, मी विमर आजोबांना फोन करते. मोठा ए अजून असेल त्यांच्याकडे.

(ऊर्मिला तळघराच्या जिन्यात, जिथे रेंज येते तिथे जाऊन जर्मनमध्ये बोलते आणि परत येते.)

कुसुम : काय म्हणाला? शब्द लावून बोलला का काही माझ्याबद्दल?

ऊर्मिला : उलट. म्हणाले, आयश्टेटमध्ये त्यांना कुणी सकाळी सकाळी असलं तिखट कुरकुरीत खायला दिलेलं नाही. मोठा ए आहे अजून. पण रेगेन्सबुर्गहून एक जण तो घ्यायला चार वाजता येतोय. आपण चारच्या आत हा लहान परत नेऊन दिला तर मोठा आपला. नाहीतर त्याचा.

कुसुम : आत्ता किती वाजलेत?

ऊर्मिला : अडीच. गाडीनं अर्धा तास. सव्वातीनला निघालं तरी चालतं.

कुसुम : मग वाट कसली बघतीयस? सव्वातीन कशाला, आत्ताच नीघ. घाल सगळं खोक्यात. मी तो तेलकट कागद गुंडाळते.

ऊर्मिला : थांबा ना जरा.

कुसुम : आता काय?

ऊर्मिला : मोठा आणला तर तो माझ्या बोल्टावर बसत नाही. त्याचं भोक मोठं आहे. नवा बोल्ट करून घ्यायला लागेल, ऑफिसच्या वर्कशॉपमधले दोघं सुट्टीवर आहेत. म्हणजे पुढचा शुक्रवार.

कुसुम : मग होऊ दे की पुढच्या शुक्रवारी.

ऊर्मिला : तुमचं विमान रविवारी आहे.

कुसुम : माझ्या विमानाचा आणि तुझ्या बोल्टाचा काय संबंध?

ऊर्मिला : तुम्हाला ते पितळेचं वजन करायचं होतं. कापड बेतताना वर ठेवायला. तुम्हीच म्हणालात, सगळा जन्म फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीट ठेवली, एकदा तरी नीट गोल, जड, हातात बसेल असं पाहिजे.

कुसुम : ते बोलण्यात गेलं गं. तू करून पाठव. नाहीतर पुढच्या खेपेला करीन.

ऊर्मिला : पुढची खेप कधी?

कुसुम : ते मला काय विचारतीस? व्हिसावाल्यांना विचार. माझ्या गुडघ्याला विचार.

ऊर्मिला : खरं सांगा आई. तुम्हाला हवंय की नकोय?

कुसुम : खरं सांगू? मग वाईट वाटून घेऊ नकोस. तीन महिने झाले मला येऊन. सकाळी उठले की तू म्हणतेस, आई तुम्ही बसा. भांडी घासायला गेले की मशीन आहे, बसा. जयंत म्हणतो, आयुष्यभर मशीन मारलीस, आता बस. इचलकरंजीत मी दिवसाला अकरा गणवेश शिवायची. इथं बसून बसून सोफ्याला माझा खड्डा पडलाय. तुम्ही प्रेमानं म्हणता हे कळतंय मला. पण प्रेमानं म्हटलं तरी बसायचं म्हणजे बसायचंच ना.

ऊर्मिला : मला वाटायचं तुम्हाला विश्रांती मिळावी.

कुसुम : मिळाली. भरपूर मिळाली. आणि त्यातनं एकदा एक काम हाती घेतलं, एक फोन उचलला, तर हे असं झालं. आता माझ्यासाठी म्हणून तू तुझ्या मनातली वस्तू सोडलीस तर मी तिकडं जाऊन काय सांगू, सुनेचं सात महिन्यांचं काम बिघडवून आले? नाही बाई. नीघ तू.

ऊर्मिला : बरं, ऐका. अजून चाळीस मिनिटं आहेत. तीनपर्यंत तर मशीन चालवताच येत नाही, इथे दुपारी शांतता पाळायचा नियम. वरच्या फ्राउ ओबरमायर लगेच चिठ्ठी लावतात दाराला. पण बसवून बघायला आवाज होत नाही. नुसतं बसवून बघू. नाही जमलं तर उचलायचं आणि निघायचं. शपथ.

कुसुम : नुसतं बघायचं?

ऊर्मिला : नुसतं. बांगड्या तेवढ्या काढून ठेवा.

कुसुम : काढल्या की. सकाळी खोकं आलं तेव्हाच काढल्या. ओढणी पण वर ठेवून आलीय.

ऊर्मिला : सकाळपासून?

कुसुम : तू साडेअकराला येते म्हणालीस, आलीस दोनला. चल, दाखव कुठला बोल्ट.

ऊर्मिला : हा मधला. जुना ठोकळा काढते मी. हं, धरा. जड आहे.

कुसुम : मशीनचं डोकं उचलून रिपेरीला नेलंय मी, हे काय जड. ठेवला. आता नवा?

ऊर्मिला : नवा मी ठेवते. बघा, बसला. सरळ बसला. अजिबात हलत नाही. आई, हा तर असा बसलाय की जणू... थांबा, नट आवळते. आता होल्डर. वरून खाली सरकवा. तुम्ही सरकवा.

कुसुम : असा?

ऊर्मिला : असाच. आता हँडल ओढा तुमच्याकडे.

कुसुम : खट झालं.

ऊर्मिला : झालं ना? आता सोडा, काढा, पुन्हा घाला.

कुसुम : अगं, हे तर माझ्या मशीनच्या पायासारखं आहे. झिपचा पाय काढला, काजाचा लावला. तो चांगल्या मशीनला असाच खटकन लागायचा. माझ्या जुन्या मशीनला मात्र स्क्रू होता, आणि तो पोलक्यात पडायचा.

ऊर्मिला : गेनाऊ. तेच आहे हे. पाय बदलायचा तसं टूल बदलायचं. आता उंची. टूलचं टोक त्या मागच्या अणकुचीदार टोकाच्या बरोबर समोर यायला हवं. ते टोक म्हणजे मशीनचा मध्य.

कुसुम : सुईची उंची म्हण की. सुई जरा वर राहिली की टाके सुटतात, खाली गेली की शटलला ठोकरते. ह्या वरच्या गोल नटानं वर-खाली होतंय काय?

ऊर्मिला : होतंय. पण लहान होल्डर आहे, माझी सोळा मिलीमीटरची नवी टूल्स ह्यात जात नाहीत, बाराच्या वर काहीच जात नाही. हे जुनं दहाचं लावते.

कुसुम : किती घेतलीयस सोळाची?

ऊर्मिला : आठ.

कुसुम : आणि ती सगळी वाया?

ऊर्मिला : ते नंतर बघू. उंची लावा तुम्ही.

कुसुम : जरा वर. अजून जरा. नखाएवढी. आता खाली वाक आणि बघ, माझा डोळा चुकतोय का.

ऊर्मिला : नाही चुकत. टोकाला टोक. मला ह्याला पट्ट्या घालून वीस मिनिटं लागायची. तुम्ही दीड मिनिटात लावलंत.

कुसुम : मापाची पट्टी लावायचीस तू. मी नुसतं बघते. किती वाजले?

ऊर्मिला : तीनला दोन कमी. पितळेची ही कांडी मशीनच्या जबड्यात, चकमध्ये धरते. घट्ट. चष्मा घाला हा मोठा. तुम्ही इकडे, माझ्या डाव्या बाजूला. मी आधी कांडीचं तोंड साफ करून दाखवते, म्हणजे कळेल उंची बरोबर आहे का.

कुसुम : घंटा वाजली चर्चची. तीन झाले. लाव.

ऊर्मिला : लावते. आवाजाला घाबरू नका.

कुसुम : मी यंत्रमागाच्या गावची आहे. हा काय आवाज आहे?

ऊर्मिला : बघा. बघा कसं सोलत चाललंय. आरसा. मध्यापर्यंत आले. बंद करते.

कुसुम : मधोमध एक देठ राहिलाय. बारीकसा. वांगं कापल्यावर राहतो तसा.

ऊर्मिला : दिसला तुम्हाला? मी ते सांगणारच होते. टोक मध्यापेक्षा खाली असलं की देठ राहतो.

कुसुम : म्हणजे सुई खाली आहे. थांब, मी वर घेते. हे एवढं. आता पुन्हा मार.

ऊर्मिला : मारते.

कुसुम : गेला.

ऊर्मिला : गेला. पूर्ण गेला. आई, बोट लावून बघा, आता थांबलंय. कुठे मध्य आहे ते सापडणार पण नाही.

कुसुम : रेशमासारखं झालंय गं. किती वाजले?

ऊर्मिला : तीन दहा.

कुसुम : हं. छान झालं. बघितलं मी, मन भरलं. आता काढ ते आणि नीघ. पाच मिनिटांत निघालीस तर पोचशील.

ऊर्मिला : मी नाही जात.

कुसुम : ऊर्मिला, माझ्यावर उपकार करायचा नाही.

ऊर्मिला : उपकार नाही. तुम्ही विचारा मला, सात महिन्यांत मी ह्या लेथवर काय केलं.

कुसुम : काय केलंस?

ऊर्मिला : दोन वॉशर आणि एक वाकडी खुंटी. बस. बाकी सगळा वेळ निवडत बसले होते. कुठलं टूल पोस्ट, कुठली साइझ, कोण काय म्हणतो. फोरमवरचा एक माणूस म्हणाला मोठं घेतलेलं कधी वाया जात नाही, म्हणून मी मोठा ए ठरवला. त्याची लेथ मोठी, त्याची कामं मोठी. मला काय करायचंय ते मी मला विचारलंच नाही. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या भागांची ड्रॉइंग तपासते मी, आणि घरी येऊन पुन्हा तक्ते. आज पहिल्यांदा ह्या तळघरात धातू कापायला मजा आली मला. परत नेऊन दिलं तर मी आणखी एक आठवडा निवडत बसेन, आणि मग बोल्टाचं काहीतरी निघेल.

कुसुम : आणि ती आठ टूल्स?

ऊर्मिला : त्यांच्या दांड्या घासून बाराच्या करून घेईन. एकेक करत. काम आहे, पण ते तरी हातानं केलेलं काम असेल.

कुसुम : म्हणजे हे माझ्यासाठी नाही?

ऊर्मिला : नाही.

कुसुम : खरं?

ऊर्मिला : अर्धं खरं.

कुसुम : अर्धं चालतंय. कर त्याला फोन. रेगेन्सबुर्गवाल्याला म्हणावं सुखानं घेऊन जा.

ऊर्मिला : मेसेज टाकते, फोनवर पुन्हा घोळ नको. हे बघा, गेला. आता इकडे या. माझ्या जागेवर. पाय जरा लांब ठेवा, दोन्ही. हे चाक डाव्या हातात, हे उजव्या. डावं फिरवलं की टूल कांडीच्या लांबीनं सरकतं, उजवं फिरवलं की आत जातं. उजवं फक्त एवढंसंच, दोन रेघा.

कुसुम : दोन रेघा. बस?

ऊर्मिला : पितळ आहे, पण घाई करायची नाही. मी तुमच्या हातावर हात ठेवते. लावते मशीन.

कुसुम : लाव.

ऊर्मिला : आता डावं. हळू. एकाच गतीनं. ऐका, आवाज बदलतोय का?

कुसुम : शिवताना कापड सरकतं तसं आहे. आपण ओढायचं नाही, मशीनला घेऊ द्यायचं, आपण नुसतं बरोबर जायचं.

ऊर्मिला : हं.

कुसुम : कातरण बघ कसं उडतंय. सोनेरी. अवनीला दाखवलं पाहिजे, जरीसारखं चमकतंय सगळं. हे वजन झालं ना की मी तिच्या परकराचं कापड ह्याच्याखाली ठेवूनच बेतणार. शनिवारी शिवून देते, मगच जाते.

ऊर्मिला : शनिवारी चालेल.

कुसुम : अजून किती आहे कडेपर्यंत?

ऊर्मिला : बोटभर.

कुसुम : हात थरथरत नाही माझा, बघितलंस? ऊर्मिला, आता तू तुझा हात काढ की.

ऊर्मिला : मी केव्हाच काढलाय, आई.